परत न आलेल्यांच्या प्रतिमा : वीरगळ, टाक व चित्र

मराठ्यांच्या इतिहासांत जयापजयांची नोंद पुष्कळ झाली आहे. जे मोहिमेवर गेले आणि परत आले नाहींत, ज्यांचें प्रेतही घरच्या कोणी पाहिलें नाहीं, त्यांची आठवण घरीं व गांवीं कोणत्या रूपानें राहिली, हा प्रश्न मात्र बहुधा कुलधर्माच्या सदरांत टाकून देण्यांत येतो. जुन्या वस्तु व कागद जमविणारांच्या दृष्टीनें तो इतिहासाचाच प्रश्न आहे. कारण अशा माणसांच्या म्हणून दाखविल्या जाणाऱ्या प्रतिमा आपल्या संग्रहांत येतात, आणि त्यांखालीं आपण जें नांव लिहितों तेंच पुढील पिढी प्रमाण मानते. प्रस्तुत लेखांत नांदेड व लातूर या भागापासून आरंभ करून या प्रतिमांचे प्रकार, त्यांचा हेतु आणि त्यांचें प्रामाण्य यांचा विचार करावयाचा आहे.

या भागापासून आरंभ करण्यास कारण आहे. इ. स. १७६० च्या फेब्रुवारीच्या ३ तारखेस, हल्लींच्या लातूर जिल्ह्यांतील उदगीर-औसा या टापूंत सदाशिवरावभाऊंनीं निजामाच्या फौजेचा मोड केला. तहांत सुमारें ६० लक्षांचा मुलूख व दौलताबादेसारखा किल्ला मराठ्यांकडे आला. जयाच्या आनंदांत असतांच दत्ताजी शिंदे बुराडीच्या घाटावर पडल्याची बातमी दक्षिणेंत पोंचली, आणि मार्च महिन्यांत परतुराहून भाऊसाहेब उत्तरेकडे निघाले. दहा महिन्यांनीं, शके १६८२ पौष शुद्ध ८ रोजीं, म्हणजे १४ जानेवारी १७६१ रोजीं पानिपत झालें. उदगीरचा विजेता त्या दिवशीं गर्दींत दिसेनासा झाला. त्याच्याबरोबर किती गेले याची मोजदाद कोणासच करतां आली नाहीं. त्या प्रसंगाच्या एका प्रसिद्ध सांकेतिक पत्रांत मोठीं माणसें मोत्यें व मोहरा या नांवांनीं मोजलीं आहेत. बाकीच्यांस खुर्दा म्हटलें असून त्याचा हिशेब लागत नाहीं असें कळविलें आहे. मोत्यांचीं व मोहरांचीं चित्रें पुढें कोणीं ना कोणीं काढलीं. खुर्द्याची आठवण कशांत राहिली, हें प्रथम पाहूं.

१. विद्ध व अविद्ध

प्रतिमेचा विचार करण्यास लागणारे दोन शब्द याच प्रदेशाच्या जुन्या राजधानींतून मिळतात. नांदेड व लातूर हे भाग अकराव्या-बाराव्या शतकांत कल्याणीच्या चालुक्यांच्या राज्यांत होते. देगलूर तालुक्यांतील होट्टलचीं देवालयें व ठिकठिकाणचे कानडी शिलालेख त्याची साक्ष देतात. नांदेड जिल्ह्यांतील हे लेख रित्ती व शेळके यांनीं १९६८ सालीं एकत्र प्रसिद्ध केल्यापासून अभ्यासकांची मोठी सोय झाली आहे. कल्याणी, म्हणजे आजचें बसवकल्याण, लातूर जिल्ह्याच्या सरहद्दीपासून फार दूर नाहीं. तेथील राजा तिसरा सोमेश्वर यानें बाराव्या शतकाच्या पूर्वार्धांत रचलेल्या मानसोल्लास ऊर्फ अभिलषितार्थचिंतामणि या ग्रंथांत चित्रांचे प्रकार सांगितले आहेत. आरशांतील प्रतिबिंबाप्रमाणें ज्यांत सादृश्य उतरतें तें विद्ध चित्र. आणि विशिष्ट व्यक्तीचें सादृश्य न साधतां मनांत आणलेला केवळ आकार ज्यांत रेखाटला जातो तें अविद्ध.

यावरून एक गोष्ट स्पष्ट होते. हुबेहूब मुखवटा उतरविण्याची कल्पना आमच्याकडे युरोपीय चितारी आल्यावर आली, हें म्हणणें टिकत नाहीं. सादृश्य म्हणजे काय हें या प्रदेशांतील राजसभेस ठाऊक होतें, त्यास स्वतंत्र संज्ञाही होती. असें असतां त्याच राज्यांतील गांवोगांवच्या स्मारकशिळांवर कोणत्याही एका माणसाचा चेहरा उतरलेला नाहीं. कारागिराला जमत नव्हतें म्हणून तसें झालें, असें म्हणण्यापेक्षां त्या स्मारकांस चेहरा नकोच होता, असें म्हणणें पुराव्यास अधिक धरून आहे.

२. वीरगळ

मराठवाड्यांत गांवाच्या वेशीपाशीं, मारुतीच्या पारावर, जुन्या महादेवाच्या आवारांत किंवा बारवेच्या कांठीं उभ्या किंवा कलंडलेल्या वीरगळांचा परिचय वाचकांस आहेच. खालच्या चौकटींत लढाई किंवा गाईंच्या हरणाचा प्रसंग व पडलेला वीर. मधल्या चौकटींत त्यास स्वर्गाकडे नेणाऱ्या अप्सरा. वरच्या चौकटींत शिवलिंगाची पूजा करीत बसलेला तोच पुरुष. आणि माथ्यावर कलश व चंद्रसूर्य. सतीशिळेवर कोपरांत वांकलेला, बांगड्या ल्यालेला हात असतो. चौकटींची संख्या, शस्त्रें व घोडा यांत फरक पडतो. क्रम बहुधा ठरलेला असतो.

येथें दोन गोष्टी लक्षांत घेण्याजोग्या आहेत. पहिली ही कीं, वीरगळ ही समाधि नव्हे. तिच्याखालीं अस्थि असल्याच पाहिजेत असा नियम नाहीं. मनुष्य दूर रणांत पडला, त्याच्या देहाची गति काय झाली हें कळलें नाहीं, तरी त्याच्या गांवांत त्यास दगडाची जागा देतां येते. दुसरी गोष्ट ही कीं, शिळेवरील वीर हा चेहऱ्यानें ओळखावयाचा नसतो. तो कशानें मेला व कोठें गेला, एवढेंच शिळा सांगते. ती चरित्रांतील शेवटचीं तीन पावलें दाखविते. रूप दाखवीत नाहीं.

तो कोण, हें सांगण्याचें काम मग लेखाकडे किंवा गांवाच्या तोंडी आठवणीकडे येतें. कर्नाटकांतील अनेक वीरगळांवर लेख आहेत. त्यांत वीराचें नांव, राजाचें नांव व तिथि मिळते. महाराष्ट्रांतील बहुतेक वीरगळ निर्लेख आहेत. आमचा हा भाग दोहोंच्या सीमेवर असल्यानें येथील प्रत्येक शिळा चारी बाजूंनीं तपासून पाहणें अगत्याचें आहे. जेथें लेख नाहीं तेथें गांवाची आठवण सुटली कीं शिळा निनांवी होते. मग तिला शेंदूर लागतो, ती एखाद्या देवतेच्या नांवानें पुजली जाते, किंवा धुण्याचा दगड होते. पूजा चालू राहते, पण ज्याची पूजा तो मनुष्य दुसऱ्यांदा नाहींसा होतो.

३. पर्णनर

देह न मिळालेल्या मनुष्याची प्रतिमा करण्याचा एक विधि धर्मशास्त्रांतच सांगितला आहे. त्याचा उल्लेख प्रतिमांच्या चर्चेंत सहसा येत नाहीं, म्हणून तो थोडा विस्तारानें देतों. मनुष्य परदेशीं गेला आणि त्याची कांहींच वार्ता नसली, तर कांहीं वर्षें वाट पाहावी. १२ वर्षांची मर्यादा सर्वपरिचित आहे, कांहीं निबंधकार वयपरत्वें अधिक सांगतात. त्यानंतर पळसाच्या ३६० पानांचा अथवा देठांचा पुरुष करावा. कृष्णाजिनावर ते मांडावयाचे. मस्तकाच्या जागीं ४०, मानेच्या जागीं १०, याप्रमाणें प्रत्येक अवयवास संख्या ठरलेली आहे. डोक्यास नारळ योजतात. लोकरीच्या दोऱ्यानें बांधून, जवाचें पीठ पाण्यांत कालवून त्याचा लेप द्यावा, आणि मंत्रपूर्वक दहन करावें. यासच पर्णनर किंवा पालाशविधि म्हणतात.

या पुतळ्यांत सादृश्य मुळींच नाहीं. उंची, वर्ण, चेहरा यांपैकीं कांहींही विचारलें जात नाहीं. विचारलें जातें तें नांव व गोत्र. अवयवांची संख्या सर्व मनुष्यांस एकच. संकल्पांतील नांवानें मात्र तो पुतळा एकाचाच होतो, दुसऱ्या कोणाचाही नाहीं. शिवाय ही प्रतिमा ठेवण्यासाठीं केलेली नसून जाळण्यासाठीं केलेली असते. संशयाची मुदत संपवून घरास सुतक, श्राद्ध, वांटणी व वारसा यांचा मार्ग मोकळा करून देणें हा तिचा व्यवहारांतील उपयोग. इ. स. १८७२ च्या पुराव्याच्या कायद्यानें हेंच काम ७ वर्षांच्या मुदतीनें केलें, व ती मुदत आजच्या कायद्यांतही कायम आहे.

परंतु शास्त्रकारांनीं चुकीचीही सोय ठेविली होती. क्रिया झाल्यावर तोच मनुष्य जिवंत परत आला, तर त्यास तुपांत स्नान घालून जातकर्मापासून सर्व संस्कार पुन्हां करावे, आणि त्यानें आपल्याच स्त्रीशीं पुन्हां विवाह करावा, असें विधान आहे. म्हणजे बेपत्त्या मनुष्याचें परत येणें हें कल्पनेंत असंभाव्य मानलेलें नव्हतें. पानिपतानंतरचा तोतयाचा प्रकार समजून घेतांना ही गोष्ट ध्यानांत ठेविली पाहिजे.

४. टाक

गांवानें वीरगळ उभारला, तसा घरानें टाक केला. टाक म्हणजे रुप्याचा, कोठें सोन्याचा किंवा तांब्या-पितळेचा पातळ पत्रा ठशावर ठोकून उठविलेली मूर्ति. देवघरांत खंडोबा, भवानी, जोतिबा यांच्या टाकांशेजारीं पूर्वजांचे टाक असतात : ढाल-तरवार घेतलेला वीर, घोड्यावरील स्वार, पतिपत्नीचें जोडपें, हात जोडलेली किंवा उभी सवाष्ण. लढाईंत पडलेला, अकालीं गेलेला, ज्याची इच्छा राहिली असें घरास वाटतें, अशा मनुष्यास टाकाच्या रूपानें देवघरांत बसवितात. देह घरीं आला होता कीं नाहीं, हें टाकास विचारावें लागत नाहीं; आणि म्हणूनच जो स्वार परमुलखांत गेला व परतला नाहीं, त्याच्यासाठीं टाकाइतकें सोयीचें स्मारक दुसरें नव्हतें. चार तोळे रुपें आणि गांवचा सोनार एवढ्यावर तें होत असे.

सोनाराजवळचे ठसे पिढ्यानुपिढ्या चालत येतात. एकाच ठशांतून निघालेला स्वार दहा घरांत दहा निरनिराळे पूर्वज होऊन बसतो. त्याच्या मिशा, पागोटें, घोड्याची मान हीं ठशाचीं आहेत, मनुष्याचीं नाहींत. तेव्हां टाकावरून पूर्वजाचें रूप कसें होतें हें ठरविणें व्यर्थ आहे. उलट, पोषाख, शस्त्र, खोगीर, लगाम यांचें वळण पाहून ठशाचा काळ व प्रांत कांहीं अंशीं अजमावतां येतो, आणि संग्राहकांनीं तेंच पाहावें. आणखी एक सावधगिरी सुचवावीशी वाटते. घोड्यावरचा प्रत्येक स्वार वीर नव्हे. खंडोबाच्या टाकांत बहुधा मागें म्हाळसा व पायथ्याशीं कुत्रा असतो. वीर बहुधा एकटा असतो. हा भेद सर्वत्र पाळलेला नसल्यानें घरच्या माणसाच्या सांगण्यावांचून निर्णय देऊं नये.

घरचें माणूस काय सांगूं शकतें, यास मात्र मर्यादा आहे. श्राद्धांत पिता, पितामह व प्रपितामह अशा तीन पिढ्यांचीं नांवें उच्चारलीं जातात. चौथ्या पिढीस तें नांव संकल्पांतून सुटतें. टाक मात्र तसाच राहतो. लग्नकार्यापूर्वीं किंवा दसऱ्यास तो उजळून आणतात, गंधफूल वाहतात, नैवेद्य दाखवितात. पण नांव विचारलें तर ‘आमचा वीर’ एवढेंच उत्तर मिळतें. स्मृति टिकविणारी वस्तु नांवापेक्षां जास्त टिकली, हें टाकाचें वैशिष्ट्य व हीच त्याची उणीव. ज्या घरीं जुन्या वह्या, वंशावळी किंवा क्षेत्रोपाध्यांच्या बाडांतील लेख शिल्लक आहेत, तेथेंच टाकाची व नांवाची पुन्हां गांठ घालतां येते.

५. भाऊसाहेबांची ओळख

आतां खुर्द्याकडून मोत्यांकडे वळूं. विश्वासरावांचा देह रणांत मिळाला व ओळखला गेला. भाऊसाहेबांच्या देहाविषयीं काशीराज पंडितानें जी हकीकत लिहिली आहे ती या विषयास फार उपयोगी आहे. तो स्वतः सुजाउद्दौल्याच्या पदरीं असून युद्धाच्या वेळीं हजर होता. मस्तकावेगळें झालेलें एक धड सांपडलें. तें कोणाचें, हें ठरविण्यास चेहरा नव्हता. ओळखणारांनीं तीन खुणा सांगितल्या : मांडीवर रुपयाएवढा काळा डाग, मुजफरखानाच्या कट्यारीचा पाठीवरील जुना वण, आणि पायावरील पद्म-मत्स्याच्या रेषा. हिंदुस्थानच्या त्या वेळच्या सर्वांत मोठ्या सेनापतींपैकीं एकाची ओळख त्याच्या रूपावरून ठरली नाहीं. ती सेवकांस ठाऊक असलेल्या अंगावरच्या खुणांवरून ठरली.

इतकें होऊनही पुण्यास खात्री पटली नाहीं. पार्वतीबाईंनीं वैधव्य पत्करलें नाहीं. १७८३ सालीं निधन होईपर्यंत त्या सौभाग्यवतीच्या चिन्हांनीं राहिल्या. अशा संशयाच्या हवेंत तोतया निपजला, यांत नवल नाहीं. सुखलाल ऊर्फ सुखनिधान नांवाचा हा कनोजा ब्राह्मण बुंदेलखंडांत भाऊसाहेब म्हणवूं लागला. थोरल्या माधवरावांच्या वेळीं त्यास पुण्यास आणून चौकशी झाली व तो खोटा ठरून रत्नागिरीस कैदेंत पडला. पुढें १७७६ सालीं तेथील सुभेदार रामचंद्र नाईक परांजपे यांनींच त्यास उचलून धरलें. कोंकणांतील किल्ले त्याच्या हातीं गेले. अखेर राघोजी आंगऱ्यांनीं त्यास पकडलें. पुण्यास पुन्हां पंचांसमोर चौकशी होऊन त्या वर्षाच्या डिसेंबरांत त्यास देहान्त शासन झालें.

या प्रकरणाचें बहुतेक वर्णन राजकारणाच्या दृष्टीनें झालें आहे. आपल्या विषयाच्या दृष्टीनें त्यांत एक गोष्ट उठून दिसते. भाऊसाहेबांस जवळून पाहिलेलीं शेंकडों माणसें हयात असतां, एक परका इसम पंधरा वर्षांनीं भाऊसाहेब म्हणून किल्ले घेऊं शकला. चेहऱ्याची आठवण हा किती दुबळा पुरावा आहे, हें याहून ठळक कोणतें उदाहरण सांगणार? तोतया अखेर खोटा ठरला तो एखाद्या चित्राशीं ताडून नव्हे, तर साक्षी-जबान्या घेऊन.

पुस्तकांतून व दिवाणखान्यांतून आढळणाऱ्या भाऊसाहेबांच्या चित्रांपैकीं पुष्कळ उत्तरकालीन आहेत. तीं काढणारांच्या आदराविषयीं शंका नाहीं. परंतु सोमेश्वराच्या परिभाषेंत तीं अविद्ध होत, एवढें तरी त्यांच्याखालीं लिहिलें पाहिजे.

६. चित्राचें आगमन व खोटें चित्र

पानिपतांतून वांचलेल्यांत नाना फडणीस होते. ते त्या वेळीं विशींतही नव्हते. त्यांच्या मातोश्री बरोबर होत्या, त्या परत आल्या नाहींत. नानांनीं स्वतः लिहिलेल्या वृत्तांतामुळें त्या प्रसंगाचें दुःख आपल्यापर्यंत पोंचलें आहे. पुढें १७९२ च्या सुमारास जेम्स वेल्स हा चितारी पुण्यास आला. त्यानें सवाई माधवराव व नाना यांस समोर पाहून चित्रें काढलीं, आणि गंगाराम तांबटासारखे पुण्याचे कारागीर त्याच्या सहवासांत आले. त्यामुळें नानांचा उभट, कृश चेहरा आज सर्वांच्या परिचयाचा आहे. ज्या मातोश्री पानिपताहून परत आल्या नाहींत, त्यांचें स्मरण मात्र मुलाच्या अक्षरांत आहे. समोर बसवून काढलेलें विद्ध चित्र जिवंताचेंच होऊं शकतें. नाहींशा झालेल्या माणसास तें उशिरां पोंचतें. ही सांधी ज्यांस सहन झाली नाहीं, त्यांनीं पुढें ती कल्पनेनें किंवा चुकीनें भरून काढली.

चुकीनें भरल्याचें सर्वांत मोठें उदाहरण नानासाहेब पेशवे यांचें. १८५७ च्या युद्धानंतर ते नेपाळच्या तराईंत गेले आणि तेथून पुढें त्यांचा निश्चित माग लागला नाहीं. इंग्रज सरकारनें त्यांच्यावर एक लक्ष रुपयांचें बक्षीस लावलें. अशा माणसाचें चित्र सर्वांनाच हवें होतें. लंडनच्या सचित्र पत्रांत तें छापूनही आलें. परंतु फोर्ब्स-मिचेल या लष्करी गृहस्थानें १८९३ सालीं प्रसिद्ध केलेल्या आपल्या आठवणींत सांगितलें आहे कीं, तें चित्र मूळचें उत्तरेकडील एका धनाढ्य सावकाराचें होतें. जॉन लँग या वकिलाजवळ तें होतें, आणि मागणी आली तेव्हां तेंच नानासाहेबांचें म्हणून चाललें. या सांगण्याचा तपशील कोणी कसाही तपासो. अंगभर दागिने व जड पोषाख ल्यालेली ती आकृति नानासाहेब म्हणून पुढें ग्रंथांतून पुन्हां पुन्हां छापली गेली, एवढें खरें.

१८७४ सालीं ग्वाल्हेरीस एक इसम नानासाहेब म्हणून शिंदे सरकारांच्या हातीं लागला. त्यास कानपुरास नेऊन, नानासाहेबांस पूर्वीं पाहिलेल्या माणसांसमोर उभें केलें, आणि तो नानासाहेब नव्हे असें ठरलें. येथेंही निर्णय झाला तो जिवंत साक्षीदारांकडून व अंगावरच्या खुणांवरून. छापील चित्रावर ज्यानें विसंबावें, त्यानें भलत्याच मनुष्यास पकडलें असतें.

या दोन उदाहरणांची टाकाशीं तुलना केली म्हणजे फरक ध्यानांत येतो. टाकावरील स्वार कोणाचेंच सादृश्य सांगत नाहीं, म्हणून तो खोटें बोलत नाहीं. पळसाचा पुरुष नांवगोत्रावांचून दुसरा कसलाच दावा करीत नाहीं. परंतु सावकाराच्या चित्राखालीं बंडाच्या पुढाऱ्याचें नांव पडतांच एका माणसाचा चेहरा चोरला जातो व दुसऱ्यास नको तो चेहरा चिकटतो. आणि मुळांतच बेपत्ता असलेल्या पुरुषाचा शोध आणखी अवघड होतो. अविद्ध प्रतिमेंत दोष नाहीं; अविद्धास विद्ध म्हणण्यांत आहे.

१८८० नंतरच्या दशकांत राजा दीनदयाळ हैदराबादेस निजामाचे छायाचित्रकार झाले, आणि हळूहळू त्या राज्यांतील मराठवाड्याच्या सधन घरांतही छायाचित्रें दिसूं लागलीं. छायाचित्रानें सादृश्य स्वस्त केलें. नांव मात्र स्वस्त झालें नाहीं. पाठीमागें कांहींच लिहिलेलें नसलेलें जुनें छायाचित्र तीन पिढ्यांनीं टाकाइतकेंच निनांवी होतें. किंबहुना अधिकच, कारण टाकास देवघर तरी असतें.

७. नांव व प्रतिमा

जुन्नरजवळच्या नाणेघाटांत सातवाहन राजकुलांतील व्यक्तींच्या प्रतिमा कोरलेल्या होत्या व प्रत्येकीच्या वर ब्राह्मी लिपींत नांव होतें. प्रतिमा फुटून गेल्या; पायांच्या खुणांशिवाय त्यांचें कांहीं उरलें नाहीं. नांवें राहिलीं : सिमुक, सातकर्णि, नागनिका आणि कुमार. सातवाहनांच्या इतिहासाचा पाया या नांवांवर उभारला गेला. प्रतिमा नष्ट झाल्यानें त्यांत मोठी उणीव आली नाहीं. आमच्या देवघरांतील टाकांची स्थिति याच्या नेमकी उलट आहे. तेथें प्रतिमा आहेत, नांवें गेलीं आहेत, आणि इतिहास मुका आहे. प्रतिमा व नांव यांपैकीं एकच राहणार असेल, तर संशोधकास नांव हवें. दोन्ही राखतां येत असतां नांव जाऊं देणें हा मात्र आपला दोष होईल.

हें नुकसान आज थांबलेलें नाहीं. घराण्याची वांटणी झाली कीं जुने टाक वडील शाखेकडे राहतात व इतर शाखा नवे करवितात. झिजलेले टाक नदींत सोडतात किंवा मोडींत देतात. मोडींतला टाक वितळला म्हणजे रुपें उरतें; पानिपताहून, उदगिराहून किंवा एखाद्या अप्रसिद्ध चकमकींतून परत न आलेला मनुष्य त्याबरोबर कायमचा जातो. जे टाक बाजारांतून संग्राहकांच्या हातीं येतात त्यांचें घर व गांव तुटलेलें असतें. सुंदर वस्तु म्हणून ते कपाटांत राहतात, स्मारक म्हणून नाहीं. १९९३ सालच्या सप्टेंबरच्या ३० तारखेस किल्लारीच्या भूकंपांत लातूर व उस्मानाबाद या जिल्ह्यांतील गांवेंच्या गांवें जमीनदोस्त झालीं व सुमारें ८,००० माणसें गेलीं. अशा वेळीं माणसांबरोबर देवघरें, वह्या व भिंतींवरील छायाचित्रेंही ढिगाऱ्याखालीं जातात, आणि मृतांची आठवण ठेवण्याचीं साधनें त्यांच्याबरोबरच नष्ट होतात. ज्या गांवांवर असा प्रसंग आलेला नाहीं, तेथें आज लिहून ठेवणें हाच एक उपाय आपल्या हातीं आहे.

म्हणून संग्राहकांस व स्थानिक अभ्यासकांस विनंति अशी कीं, टाक पाहण्यास मिळाला तर प्रथम घरच्या वृद्ध माणसास, विशेषतः पूजा करणाऱ्या बाईस, विचारावें : हा कोणाचा, कोठें गेला, कोणत्या तिथीस त्यास नैवेद्य असतो, कोणत्या गांवच्या सोनारानें केला. तिथीचें महत्त्व पुष्कळदां नांवाहून अधिक ठरेल. कारण नांव गेलें तरी घरें तिथि पाळीत असतात, आणि पौष शुद्ध अष्टमीसारखी तिथि एखाद्या वीराच्या टाकास लागलेली आढळली तर ती पुढील शोधास चांगली दिशा देईल. अर्थात् केवळ तिथीवरून पानिपत सिद्ध होत नाहीं. वंशावळ, सरंजामाचा कागद किंवा उपाध्यांचें बाड यांचा दुजोरा हवा. वीरगळाची नोंद करतांना त्याची मूळ जागा, चौकटी, शस्त्रें व मागची बाजू टिपावी, आणि गांव त्यास कोणत्या नांवानें हांक मारतें तें त्यांच्याच शब्दांत लिहावें. चित्राच्या बाबतींत तीन प्रश्न पुरेसे आहेत : तें त्या मनुष्याच्या हयातींत काढलें काय, त्याची सर्वांत जुनी प्रत कोणती, आणि त्याखालीं नांव प्रथम कोणीं घातलें. तिसऱ्या प्रश्नाचें उत्तर मिळत नसेल तर नांव कंसांत घालून ठेवावें, व कंस काढण्याची घाई करूं नये.

आमच्या पूर्वजांनीं नाहींशा झालेल्या माणसाचा खोटा चेहरा केला नाहीं. त्यांनीं त्यास वेशीवर दगडाची, देवघरांत रुप्याची आणि संकल्पांत नांवाची जागा दिली. दगड व रुपें यांचा सांभाळ गांवांनीं व घरांनीं आजवर बऱ्याच अंशीं केला आहे. नांव मात्र गेलें. तें जेथें अजून कोणाच्या तोंडीं आहे तेथून कागदावर उतरवून घेणें, हें काम आतां संशोधकांकडे आलें आहे.